थोरल्या साडूंच्या जीपचं पासिंग

आमच्या थोरल्या साडूंइतका स्वतःच्या मतावर ठाम माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा असेल, तर तो अजून माझ्या पाहण्यात यायचा आहे. त्यांच्याबरोबर एकदा करमाळ्याला लग्नाला निघालो आणि भलत्याच गावात जाऊन पोचलो, तेव्हा मांडव कुठं दिसेना म्हणून त्यांनी पहिला संशय घेतला तो पत्रिका छापणाऱ्यावर. मे महिन्यात सगळं शहर भाजून निघत असतं, तेव्हा हे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहतात आणि यंदा उन्हाळा म्हणावा तसा पडलाच नाही असं सांगतात. होमिओपॅथीचे डॉक्टर असल्यामुळे या ठामपणाला धंद्याचाही आधार मिळाला आहे. पेशंटला बरं वाटलं तर तो औषधाचा गुण, त्रास वाढला तर औषध लागू पडत असल्याची खूण, आणि पेशंट परत फिरकलाच नाही तर तो कायमचा बरा झाला. यातून निसटायला अजून एकाही पेशंटला वाट सापडलेली नाही. घरात आम्ही सगळे त्यांना डॉक्टर म्हणतो, त्यांची बायकोसुद्धा.

डॉक्टरांची जीप म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, खास डोंगरदऱ्यांसाठी बनवलेली जुन्या घाटाची गाडी. आपल्याकडे डोंगर म्हणून पाहुण्याला दाखवावं असं काही नाही, हे मी ती घेताना त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यावर डोंगर नाहीत यात गाडीचा काय दोष, असं त्यांनी मलाच विचारलं. जीप विकणारा नातेपुत्याचा एक साधा माणूस होता. त्याला डॉक्टरांनी तेल किती खाते, टायर कधी बदलले, असलं काही विचारलं नाही. ती सकाळी जास्त कुरकुरते की संध्याकाळी, उन्हात उभी केली तर चिडते का, एकटी असताना बॅटरी उतरते की चार गाड्यांत उभी असतानाही, असं विचारत बसले. शेवटी, हिला लहानपणी काही धक्का बसला होता का, असंही विचारून झालं. तो बिचारा जरा विचार करून म्हणाला, "व्हय, एकदा बाभळीला धडकली हुती." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून अर्थपूर्ण मान हलवली आणि व्यवहार तिथंच ठरला.

त्या दिवसापासून जीपवर उपचार सुरू झाले ते मिस्त्रीला हात लावू न देता. मिस्त्रीकडे नेणं म्हणजे लक्षण दाबणं, आणि लक्षण दाबलं की आजार आत जातो, हे त्यांचं ठरलेलं मत. डाव्या मागच्या चाकातून वर्षभर कुईकुई आवाज येत होता, पण त्यांनी तिथं ग्रीसचं बोट लावू दिलं नाही. गाडी बोलतेय तर बोलू द्या, असं ते म्हणत. पुढचं एक दार सुतळीनं बांधलेलं असे आणि वायपर मी डाव्या बाजूला बसून हातानं फिरवत असे. डॉक्टर रेडिएटरच्या पाण्यात साबुदाण्यासारख्या गोळ्या टाकतात अशी त्यांच्या कॉलनीत वदंता आहे. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण एकदा पाणी भरल्यावर त्यांनी अर्धा तास कुणाला गाडीजवळ कांद्याची पिशवी ठेवू दिली नव्हती, एवढं खरं. सकाळी जीप सुरू व्हायची तर शेजारपाजाऱ्यांनी ढकलायला उतरावं लागे, आणि डॉक्टर आत बसून त्यांच्या तब्येती विचारत. माझी छोटी गाडी किल्ली फिरवली की सुरू होते, भरवशाची आहे, असं मी एकदा जरा चढेल आवाजात बोललो. ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या गाडीवर भरवसा ठेवायचा प्रश्न येतोच कुठं? ती चालूच होते की. भरवसा लागतो तो हिच्यावर."

पण एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. ही जीप डांबरी रस्त्यावर कुठंही रुसून बसते, रस्ता संपला की मात्र तिच्या अंगात वारं भरतं. आमची सासुरवाडी वैरागच्या पुढं, डांबरीपासून दोन-तीन किलोमीटर आत, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथं राहतात. सोबतीला चार शेळ्या, एक कुत्रं आणि हाकेच्या अंतरावर भावकीतलं एक घर. त्यांना दोनच मुली, त्या आम्ही दोघा साडूंनी सोलापुरात आणून ठेवल्या. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकांना अशी धरते की माझी गाडी मी डांबरीवरच सोडतो आणि चपला हातात घेऊन चालू लागतो. डॉक्टर त्या चिखलात शिरले की एकदम गप्प होतात, दोन्ही हातांनी चाक धरतात, आणि जीप डुलत डुलत पार जाते. दोन वर्षांपूर्वी झडीच्या दिवसांत सासूबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ओढा भरून वाहत होता, कुणी पलीकडे जायला तयार नव्हतं. त्या पाण्यातून त्यांना बाहेर काढलं ते या जीपनं आणि डॉक्टरांनी. मी मागं बसून त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं, एवढीच माझी कामगिरी.

हाड जुळेपर्यंत सासूबाई डॉक्टरांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. लेकीनं काही कमी केलं नाही. तरी त्या दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "जावईबापू, हितं सकाळी उठून माणसं बघत्यात तरी काय?" बरं वाटताच त्यांनी वस्तीचा हट्ट धरला आणि दोन्ही मुलींनी नकोच म्हणून लावून धरलं. तेव्हा डॉक्टरांनी निकाल दिला की जोवर जीप आहे तोवर आईंनी वस्ती सोडायची नाही, काही झालं तर मी तासाभरात पोचतो. सासूबाई दुसऱ्याच दिवशी आपल्या शेळ्यांत जाऊन बसल्या. त्या अजून तिथं आहेत त्या या एका वाक्याच्या जोरावर.

आणि गेल्या हिवाळ्यात जीपला पंधरा वर्षं पुरी झाली. आता तिला पुन्हा आरटीओत पासिंगला न्यायचं, पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर घरात. पहिल्या वेळी मीही बरोबर गेलो. तपासणारे साहेब तरुण आणि फार सभ्य होते. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला तर गाडी डावीकडे पळाली, हँडब्रेक ओढला तर गाडी तशीच पुढं चालत राहिली, आणि दिवे लावले तर एक रस्त्याकडे नि दुसरा लिंबाच्या शेंड्याकडे बघत होता. डॉक्टरांनी दरम्यान साहेबांना छातीत जळजळ होते का हे विचारून घेतलं आणि खिशातून पुडी काढून दिली. साहेबांनी हात जोडून पुडी परत केली आणि गाडी नापास केली. महिनाभर उपचार वाढवून डॉक्टर पुन्हा गेले, तर आता हॉर्न आणि स्टिअरिंगही नापासांत जमा झाले. मी हळहळलो. डॉक्टर मात्र खुशीत होते. आधी त्रास वाढतो, मग उतरतो, हे मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं का? मी मोबाईलवर कुठंतरी वाचलेलं त्यांना ऐकवलं, की असल्या रांगड्या गाड्याच तपासणीत जास्त नापास होतात म्हणे. "होणारच," ते म्हणाले, "आजारी पडतात ती जिवंत माणसं. मेलेल्याला कधी ताप आलाय का?"

यावर अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, इतकी वर्षं नवऱ्याचं सगळं हसून घेणारी बाई, पहिल्यांदा तुटक बोलली. तिसऱ्या वेळी नापास झाली तर जीप भंगारात जाईल आणि आई इथं येईल, असं तिनं सांगून टाकलं. तिचंही चुकत नव्हतं. ब्रेक नसलेल्या गाडीत आईला बसवून आणायचं म्हणजे ओढ्यातून वाचवून रस्त्यावर घालवायचं. डॉक्टर चपला घालून दवाखान्यात निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात मी कामानिमित्त होटगी रोडला गेलो होतो. तिथं एका गॅरेजात ती जीप चारही चाकं काढून ठोकळ्यांवर उभी दिसली. शेजारी रिकाम्या डब्यावर आमचे डॉक्टर बसले होते, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसे, हातात रुमाल घेऊन. मिस्त्री गाडीखालून ओरडून सांगत होता, "डाक्टरसाब, ब्रेकां पूरे गए सो हैं. नवेच डालना." आणि ज्या माणसानं जन्मात कुणाचं लक्षण दाबलं नाही, तो मान खाली घालून म्हणाला, "डालो." मला पाहून ते उठले. आता माझी चेष्टा करायची पाळी आली होती आणि खरं सांगतो, अशी संधी साडूंच्या नात्यात पुन्हा मिळत नसते. पण त्यांचा चेहरा पाहून माझा धीर झाला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "गोळ्यांवर माझा विश्वास आहे, साडूभाऊ. अजून वेळ मिळाला असता तर गुण आलाच असता. पण आईंना त्या गॅलरीत परत बसवायचं नाही मला. घरी बोलू नका." मी दुसरा डबा ओढून शेजारी बसलो आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या गाडीकडे बघत राहिलो.

तिसऱ्या वेळी साहेबांनी ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. दिवे, हॉर्न, हँडब्रेक, सगळं पाहून झालं. पास, असं ते म्हणाले, तेव्हा डॉक्टरांना क्षणभर कळेना की आता वाद कशावर घालायचा. घरी येताच त्यांनी औषधाचा गुण कसा सावकाश पण मुळापासून येतो हे अक्काला समजावून सांगितलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला आत गेलो.

रविवारी आम्ही चौघं वस्तीवर गेलो. सासूबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. गाडी पास झाल्याचं डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं. त्या हात झटकत आल्या, बाजेवर टेकल्या आणि किती दिवस चालंल आता, असं विचारलं.

"पाच वर्षं," डॉक्टर म्हणाले.

"पाच? लई झाली की." त्या जराशा हसल्या. "तवर मी कुटं असती?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, आणि आजही ते काहीतरी ठाम बोलतील, शंभर वर्षं जगाल म्हणतील, निदान खिशातून पुडी तरी काढतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी काही काढलं नाही. जीपच्या दाराला टेकून ते उभे होते, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"पाच वर्षांनी परत पास करून आणतो, आई. पण तुम्ही इथं पाहिजे. तुम्ही नसला तर मी ही कुणासाठी पास करू?"

सासूबाईंनी उठून उरलेला पाला शेळ्यांपुढं सारला. मग म्हणाल्या, "बरं, बघू," आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. माझे आईवडील लवकर गेले, त्यामुळे कुणासाठी असं काही करायची वेळ माझ्यावर आली नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा डॉक्टरांचा हेवा वाटला.