दोनशे अकरा पोरांच्या फायली

ज्यांचं नाव जगात कुणीही ऐकलेलं नाही अशा माणसांची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस कुवेतमध्ये, फिंतासला, बरोबर आमच्या डोक्यावर राहत असे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. बिल्डिंगमधली मराठी, मल्याळी, गोव्याची सगळी मंडळी त्यांना काका म्हणत, त्यामुळे माझ्याहून जेमतेम बारा-तेरा वर्षांनी मोठे असूनही ते माझेही काकाच झाले. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शन इंजिनियर होते. कुठल्या पाइपाला गंज लागलाय, कुठल्या टाकीला तडा जाणार आहे आणि कुठला पंप अजून किती वर्षं चालेल, हे सांगणं त्यांचं काम. आणि छंद म्हणाल तर अमेरिकेतल्या बेसबॉलचा. पण हे ऐकून कुणी कौतुकाने खुर्ची पुढे ओढली की काका हात वर करून त्याला थांबवत. "तो टीव्हीवरचा नव्हे. त्याच्या खालचा."

या खालच्याची भानगड समजायला मला सहा महिने लागले. तिकडे म्हणे मोठ्या लीगच्या खाली छोट्या लीगच्या चार-पाच पायऱ्या असतात. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तिथे भरती होतात, आडगावांतून बसने फिरतात, तुटपुंज्या पगारावर पाच-सात वर्षं खेळतात आणि बहुतेक जण वर न पोचताच घरी जातात. काकांचा जीव या घरी जाणाऱ्यांत. एखादा पोरगा मोठ्या लीगमध्ये पोचला की ते त्याची फाईल त्याच दिवशी बंद करत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आता त्याच्याकडे बघायला सगळा देश आहे. या बाकीच्यांकडे कोण बघतंय?"

हे खूळ लागलं ते युद्धानंतर. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा बायको आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन, बसने, वाळवंटातल्या तंबूत रात्री काढत, अम्मानमार्गे ते कसेबसे मुंबईला पोचले होते. पुढच्या वर्षी कंपनीने परत बोलावलं तेव्हा ते एकटेच आले. काकू म्हणाल्या, "तुम्हाला जायचं तर जा, मी काही त्या देशात पुन्हा पाय ठेवणार नाही," आणि मुलीला घेऊन नाशिकला आपल्या आईकडे राहिल्या. कारखान्याची मोडतोड तपासायला एक म्हातारा अमेरिकन आला होता, तो काकांच्या केबिनमध्ये बसे. जाताना तो जुन्या बेसबॉल साप्ताहिकांचा एक खोका मागे ठेवून गेला. फ्लॅट रिकामा, टीव्ही बंद, वाचायला दुसरं काही नाही. काकांनी तो खोका तीनदा वाचला आणि मग वर्गणी भरली.

गंमत अशी की त्यांनी बेसबॉलचा सामना कधी पाहिलेलाच नव्हता. एका सहकाऱ्याने मोठ्या हौसेने व्हिडिओ कॅसेट लावली तर वीस मिनिटांत चुळबुळ करून उठले. "फार वेळ घालवतात हो. पेपरात बरं वाटतं." खैरानच्या सहलीला आम्ही सगळे समुद्रात डुंबत असताना हे एकटे गाडीत बसून रेडिओ कुरवाळत होते, कारण तिथे अमेरिकन सैनिकांचं केंद्र नीट लागतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. केंद्र लागलं, समालोचनही लागलं, पण त्यातलं एक अक्षर त्यांना कळेना. ते ओरडणं त्यांनी जरा वेळ सोसलं आणि रेडिओ बंद करून म्हणाले, "आकडे सांगा म्हणावं, आकडे."

त्यांचं सगळं आकड्यांवर आणि फायलींवर. एका पोराला एक फाईल, आणि फाईलचा नमुना थेट कारखान्यातला. वर नाव, वय, उंची, वजन, डावा की उजवा, मग निरीक्षणं आणि शेवटी शिफारस. 'उजवा खांदा: झीज सुरू. भार कमी करावा.' 'पाय चांगले, नजर चांगली, स्वभाव तापट. दोन वर्षं हात लावू नये.' मी भेटलो तेव्हा साठ-सत्तर फायली होत्या, पुढे त्या दोनशे अकरा झाल्या. आणि परीक्षा करण्याची त्यांची रीत मात्र खरोखर विचार करायला लावणारी होती. कोण किती धावा काढतो याला ते फारसं महत्त्व देत नसत. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या पोरांत खेळून धडपडणारा त्यांना सव्विसाव्या वर्षी लहानांत चमकणाऱ्यापेक्षा जास्त आवडे. कुणाला चेंडू सोडता येतो ते बघत. मारायला शिकवता येतं, हात आवरायला शिकवता येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पण सगळ्यात मोठी कसोटी वेगळीच. "चांगल्या आठवड्यात सगळेच चांगले असतात. वाईट आठवडा गेल्यावर मंगळवारी काय करतो, ते बघायचं."

साप्ताहिक पोस्टाने दोन-तीन आठवड्यांनी येई आणि वाटेत, दारूबंदीच्या त्या देशात, कुणीतरी बिअरच्या जाहिरातींवर काळा मार्कर फिरवलेला असे. ती शाई पाठच्या पानावर उतरे आणि पाठच्या पानावर नेमके आयोवाच्या संघाचे आकडे असत. काका ते पान गॅलरीत उन्हाला धरून भिंगाने निरखत बसत. त्यांचा सगळ्यात लाडका पोरगा आयोवातला, डाव्या हाताने चेंडू टाकणारा. त्याला ते डावरा म्हणत, आमच्या घरातही तो डावराच होता. एकदा सलग तीन अंकांत डावऱ्याचं नाव त्या शाईखाली गेलं. काकांनी ताडलं की पोराला दुखापत झाली आणि फाईलमध्ये 'कोपर संशयास्पद' असा शेरा मारून आठवडाभर उतरलेल्या चेहऱ्याने वावरले. माझ्या बायकोने त्यांना मऊ भात पाठवला. चौथ्या अंकात डावरा ठणठणीत निघाला तेव्हा त्यांनी फाईलला एक दुरुस्तीपत्र जोडलं. 'निष्कर्ष चुकीचा होता. कारण: शाई. पोराचा दोष नाही.' खाली सही आणि तारीख.

आम्ही शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सकाळी टेनिसच्या चेंडूने मोकळ्या वाळूत क्रिकेट खेळत असू. काका घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन येत आणि फुकटात आमचे अहवाल लिहीत. माझा अहवाल बायकोने कितीतरी दिवस फ्रिजवर लावून ठेवला होता. 'वय चौतीस. गुडघ्यांचं वय पन्नास. सुधारणेची शक्यता नाही. स्वभाव चांगला, संघात ठेवावा.' सबाह अल-सालेमला राहणाऱ्या एका बाईंनी आपल्या मुलाची फलंदाजी बघा म्हणून आग्रह केला, तर काकांनी तीन पानं लिहून दिली. पहिलंच वाक्य होतं, 'चेंडू येण्याआधी डोळे मिटतो.' त्या बाई पुढे गणपतीच्या कार्यक्रमातही त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांना मात्र खरंच कळेना की यात रागावण्यासारखं काय होतं. "शेवटचं वाक्य वाचलंच नाही त्यांनी. 'घाई नको, मुलगा गुणी आहे,' असं लिहिलं होतं मी."

कामातही तसेच. 'ठीक' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. हाताखालच्या एखाद्या इंजिनियरने अहवालात 'पंप ठीक आहे' असं लिहिलं की कागद परत. "ठीक म्हणजे काय? किती तापला? किती थरथरतो? तुम्ही हात लावून बघितलात का?" असा अहवाल एकाला त्यांनी चार वेळा लिहायला लावला होता म्हणे. आणि हाच माणूस दर शुक्रवारी दुपारी नाशिकला फोन लावी तेव्हा काय होई, ते मी अनेकदा शेजारी बसून ऐकलेलं आहे. "कशी आहेस? ठीक? बरं. अभ्यास? ठीक. तब्येत? हां, ठीक. आईला दे." मग काकूंशी तेवढंच. फोनकार्डावर वीस मिनिटं शिल्लक राहत आणि काका खाली आमच्याकडे येऊन दोन तास आडगावातल्या पोरांविषयी बोलत. माझी बायको चहा टाकता टाकता पुटपुटे, "कुणाच्या कोपराचं काय झालं ते सगळं ठाऊक आहे. पोटच्या पोरीला काय आवडतं ते विचारा."

पण त्यांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा पत्ते पिसता पिसता ते एकदम म्हणाले, "वर्षातून तीस दिवस जातो मी घरी. पहिले दहा दिवस ती माझ्यासमोर नीट बसून वागते, पाहुण्यांसमोर वागावं तशी. शेवटचे दहा दिवस मी बॅग भरत असतो. मधल्या दहा दिवसांत तिला काय विचारावं तेच मला सुचत नाही हो." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी पत्ते वाटले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

दोन हजार चार-पाचच्या हिवाळ्यात मुलगी आली. शिक्षण संपलं होतं, पुण्याची नोकरी सुरू व्हायला महिना होता. पंधरा दिवसांसाठी येते म्हणून तिने स्वतःच कळवलं. काकांनी घर धुऊन काढलं, पडदे बदलले आणि तिला कुठलं लोणचं लागतं हे माहीत नसल्यामुळे बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, सात प्रकारची लोणची आणली. मुलगी हसरी, हुशार, माझ्या बायकोशी तर पहिल्याच दिवशी गट्टी झाली. वडिलांशी मात्र ती 'हो बाबा', 'नको बाबा' एवढंच बोले. बारा दिवस असेच गेले. तेराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्यांनी आम्हाला पोह्यांना वर बोलावलं.

पोहे मुलीनेच केले होते. खाऊन झाल्यावर ती भिंतीतल्या मांडणीपाशी गेली आणि सहज एक फाईल काढून आम्हाला गमतीगमतीत मोठ्याने वाचून दाखवू लागली. माझी बायको हसत होती, काकाही लाजत हसत होते. पाचव्या-सहाव्या पानावर ती आली. "'या महिन्यात आई आजारी. चार दिवस घरी जाऊन आला. परतल्यावर तीन सामन्यांत लक्ष नाही. साहजिक आहे. या आकड्यांवरून मुलाची परीक्षा करू नये.'"

तिने फाईल मिटली. हसू गेलं होतं.

"बाबा, माझ्या बारावीच्या परीक्षेआधी पंधरा दिवस आजी गेली. मला फिजिक्समध्ये एकसष्ट मिळाले. तुम्ही फोनवर काय म्हणालात, आठवतं?"

"काय म्हणालो?"

"'इतके कमी का पडले?' असं म्हणालात."

आम्ही दोघं उठायला लागलो, तर तिनेच हाताने बसा अशी खूण केली. काका टेबलाकडे बघत होते.

"माझी फाईल कुठे आहे?"

"तुझी नाही."

"का नाही? दोनशे अकरा पोरांच्या आहेत. त्यांना तरी तुम्ही कुठे पाहिलंय?"

"त्यांचं कुणीतरी रोज मोजतं आणि छापतं," काका हळू आवाजात म्हणाले. "तुझं काय लिहिणार होतो मी? आजी गेली ते मला कळलं. पण तू रात्री उठून बसत होतीस, जेवत नव्हतीस, हे तुझ्या आईने मला दोन वर्षांनी सांगितलं. तेव्हा पत्र आलं ते 'इकडे सर्व ठीक' असं. तुझा फोन, तोही ठीक. चौदा वर्षं मला तुमच्याकडून 'ठीक'शिवाय काही आलेलं नाही. त्याच्यावर फाईल कशी उघडू?"

"तुम्हाला काळजी नको म्हणून आम्ही ठीक म्हणायचो, बाबा."

"हो. मलाही इकडे ठीकच असायचं."

मग ती म्हणाली, "ऑफिसात तुम्ही 'ठीक' घेत नाही म्हणे. मग आम्हाला का नाही विचारलंत, ठीक म्हणजे काय म्हणून?"

"विचारायला हवं होतं," एवढंच काका म्हणाले, आणि पोह्यांच्या बशा गोळा करून आत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की मी मुलीकडे रागाने बघितलं, आणि तिचे डोळे भरलेले बघून स्वतःचीच लाज वाटली.

दोन दिवसांनी ती गेली. पुढच्या शुक्रवारी दुपारी काका खाली आले नाहीत. तीन वाजले, साडेतीन वाजले. बायको म्हणाली, जाऊन बघून या. दार नुसतं लोटलेलं होतं. काका फोन कानाला लावून टेबलाशी बसले होते, समोर कोरा कागद, हातात पेन्सिल. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच बसा म्हटलं.

"ठीक म्हणजे कशी?" ते विचारत होते. पलीकडून ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. "मग? ... आणि मग ती काय म्हणाली? ... जेवलीस का त्या दिवशी? ... नाही, मला कंटाळा नाही येत, तू सांग." पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण ते लिहीत काहीच नव्हते, लिहायचं विसरूनच गेले होते. मध्येच ते मोठ्याने हसले. दहा वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. शेवटी कार्ड संपून फोन आपोआप बंद झाला, तरी ते थोडा वेळ रिसीव्हर धरून बसले.

"काय म्हणते मुलगी?" मी विचारलं. कोपर, खांदे, गुडघे, कुणाची आई आजारी, कुणाची बस बंद पडली, सगळं मला दर शुक्रवारी न चुकता सांगणारे काका कोऱ्या कागदाची घडी घालत म्हणाले, "काही नाही हो. घरचंच." आणि ती घडी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

मी जिना उतरून खाली आलो. बायकोने विचारलं, आज काय सांगितलं त्यांनी? मी म्हटलं, आज काही सांगितलं नाही. मला फार बरं वाटत होतं आणि एकटंही वाटत होतं. चहाचं आधण चढवलेलं होतं, नेहमीच्या सवयीने तीन कपांचं. आम्ही दोघं तो चहा दीड-दीड कप करून प्यायलो.