मामांच्या रिळाची कमान

मागच्या महिन्यात एका गुरुवारी नांदेडहून मामांचा फोन आला. "माय, कमान तुटली गं. नदीवर जाणं बंद झालं आता."

मला वाटलं, त्यांच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेली सिमेंटची कमान पडली आणि रस्ता अडला. म्हटलं, "मग मागच्या रस्त्यानं जा की, मामा." त्यांनी फोनच ठेवून दिला. मामा असं कधी करत नाहीत. मी शिकवते ती शाळा शनिवारी सकाळची असते, ती उरकून मी लातूरच्या स्टँडवर गेले.

अहमदपूर, लोहा करत एसटी साडेतीन-चार तासांत नांदेडला पोचते. बायकांना अर्धं तिकीट. दुपारची गाडी असेल तर डाव्या खिडकीत बसू नका, मी बसले आणि लोह्यापर्यंत भाजून निघाले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा गरम भजी घेतली. मिरची मागून घ्यावी लागते, आपणहून देत नाहीत.

रिक्षा कॉलनीपाशी आली. कमान जागच्या जागी, वर पुढाऱ्यांचे फोटोसुद्धा शाबूत. मी घरात शिरत म्हटलं, "मामा, कमान तर उभी आहे की!"

मामी आधी हसल्या. हसता हसता खालीच बसल्या. मामांनी मात्र टेबलावरचं मासे धरायचं रीळ माझ्यापुढे सरकवलं.

मामांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्यांच्या तोंडात स्प्रिंगला कमान हाच शब्द. भाचीला एवढं कळायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. डावा हात हलतो, पण बोटांत जोर नाही. दुकान गेलं, उरली नदी. रिळाला त्यांनी सुताराकडून लाकडाची जाड मूठ करून घेतली आहे, ती डाव्या तळव्यानं फिरवता येते. गळ फेकताना दोरी मोकळी सुटावी म्हणून रिळावरची तारेची कडी उघडतात. मूठ फिरवली की कमानीच्या जोरावर ती आपोआप मिटते. ती कमानच तुटली होती. तुम्ही-आम्ही कडी हातानं मिटवू. मामांच्या उजव्या हातात गळाची काठी असते, आणि डावी बोटं कडी लोटत नाहीत.

"मग कुणाला तरी सोबत न्या ना," मी म्हटलं.

"दुसऱ्यानं कडी लावायची, दुसऱ्यानं ओढायचं, मग म्या काय तिथं हवा खायला जाऊ?"

रीळ विकणाऱ्या दुकानात विचारून झालं होतं. मॉडेल बंद, नवीन घ्या म्हणाले. नव्या रिळाला ही मूठ बसत नाही. घड्याळांच्या कमानी डबाभर होत्या, पण चपट्या पट्टीच्या. म्हणून आम्ही घर धुंडाळायला घेतलं.

बॉलपेनची स्प्रिंग सरळ ढकलते, इथं पीळ हवा होता. कपड्याच्या चिमट्याची पिळाची होती, पण तार जाड, खाचेत बसेना. टीव्हीच्या रिमोटमधली निघाली मऊ, शिवाय मामींची मालिका गेली.

"आता माझी शिलाई मशीन बी खोला!" मामी कडाडल्या.

मामा भिंग लावून तुटका तुकडा बघत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहतच राहिले. "तुझ्या डोस्क्यात काय हाय गं ते?"

"डोक्यात?"

"केसात! काढ."

माझा छोटा क्लचर. फोडला तर आत बारीक तारेची, दोन पायांची, हवी तशी कमान! एक पाय तेवढा वाकवायचा होता. हात माझे, डोकं मामांचं. "टोक तेवढं तापव," ते म्हणाले. मी पकडीत धरून सगळीच गॅसवर लाल केली. गार झाल्यावर दाबली तर तशीच चपटी पडून राहिली.

"पाणी उतरवलंस तिचं! अगं, कमानीत जीव असतो तो त्या पाण्यात." मामा इतके चिडले की मला बरं वाटलं. दोन वर्षांत ते असे कुणावर ओरडले नव्हते.

केसांना मामींचं रबर लावून बाजारात गेले. दुकानदारीण म्हणाली, "कोणता कलर दाखवू?"

"कलर कोणताही. आतली स्प्रिंग बघू द्या."

"स्प्रिंग बघून क्लचर घेणारी तुमीच पहिल्या बघा, ताई." वीस रुपयांत सहा क्लचर लावलेला पत्ता मिळाला. दुसरी कमान वाकवताना तुटली. तिसरीचं नुसतं टोक मेणबत्तीवर धरलं, पकडीनं हळूच वाकवलं आणि खाचेत बसवली. मामांनी तळव्यानं मूठ फिरवली. टक्. कडी मिटली. त्यांनी ती सात-आठदा उघडली आणि मिटवली. मामी भाकऱ्या थापत होत्या. "जेवा आता, ती कुटं पळून न्हाई चालली," म्हणाल्या. ज्वारीची भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन खाल्ल्या.

रविवारी सकाळी रिक्षानं विष्णुपुरीच्या बाजूला नदीकाठी गेलो. जाणार असाल तर कुठं मासे धरायला मनाई आहे ते आधी विचारा, आणि खडकावर रबरी चप्पल नको. मी सवयीनं मामांचा दंड धरायला गेले.

"तू तिकडं बस. लांब."

बसले. पहिला गळ झुडपात अडकला, दुसरा नीट पडला. टक्. तीन तासांत बोटाएवढा एक मासा लागला. मामांनी तो सोडून दिला. मला उगाच रडू आलं. लांब बसवल्याचं ते एक बरं झालं.

दुपारच्या गाडीनं लातूरला परतले. मनाशी ठरवलं, पंधरा दिवसांनी एकदा जायचं आणि मामांना नदीवर न्यायचं. पुढच्या शनिवारी शाळेला निघण्याआधी तेच सांगायला फोन केला. मामींनी उचलला.

"मामांना द्या ना."

"त्यांच्याशी बोलायचं तर दुपारून करत जा, बाई. सकाळचे ते घरी नसतेत."