दोन चुलींचं विधेयक

जगात दोन माणसांचं पटेनासं झालं, तर त्यावर संसदेत साध्या बहुमतानं इलाज होऊ शकतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. मी साताऱ्याकडचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गावी, भंडाऱ्याकडच्या मोहाडीला गेलो, तेव्हा आधी पाय धुवायला पाणी आलं, मग चहा आला, मग मामाजी आले. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "या, उर्वरित महाराष्ट्र, बसा." नव्या जावयाचं असं स्वागत मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. "वेगळा विदर्भ झाल्यावर तुमचं तेच नाव हाय, जवाईबापू. मनाले लावून घेऊ नका," असं त्यांनी वर समजावलं.

मामाजींची सगळी नोकरी तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. वेगळ्या राज्याची निवेदनं घेऊन झेंडेवाले यायचे, उन्हातान्हात घोषणा द्यायचे आणि शेवटी निवेदनावर शिक्का मारून घ्यायला मामाजींपुढे उभे राहायचे. शिक्का मारणं एवढंच मामाजींचं काम. पण ते आधी निवेदन वाचत, लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत आणि विचारत, "हे तहसीलदाराले काहून देऊन राहिले? तो का राज्य देते? घटनेचं कलम तीन वाचा. राष्ट्रपतीची शिफारस पायजे, मंग विधेयक संसदेत येते. राज्याच्या विधिमंडळाले मत इचारा लागते. इचारा लागते, पण आयकाच लागते असं नाही." पुढारी आ वासून ऐकत राहायचे. एक तरुण पुढारी म्हणे तिथूनच घरी गेला आणि त्यानं खताचं दुकान टाकलं. हे मला खुद्द मामाजींनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप अजिबात नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच विधेयक लिहायला घेतलं. परिशिष्टांसकट. नद्यांचं पाणी, राज्यसभेच्या जागा, उच्च न्यायालय, एवढंच काय, मंत्रालयातल्या जुन्या कपाटांपैकी कुठली आपल्याकडे यावीत, हेही त्यात होतं. एखादं कलम बदललं की एस.टी.नं भंडाऱ्याला जाऊन नव्या प्रती काढून आणायच्या. गोंदियाचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. भंडाऱ्यातून तो जिल्हा वेगळा झाला याचं त्यांना दुःख नव्हतं, तो विधेयक न येता नुसत्या अधिसूचनेनं झाला याचं होतं. मामीजींचं माहेर तिकडचं, त्यामुळे 'अधिसूचनेचा जिल्हा' हा टोमणा त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या.

अशा घरात एक दिवस वाटणीची गोष्ट निघाली. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे तिकडच्या जत्रेला, आम्ही मोहाडीला गेलो होतो. जेवणं झाली आणि मामाजींच्या दोन मुलांपैकी धाकटा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, आमाले वेगळं रांधू द्या." आता भांडी फेकली जाणार असं वाटलं. पण मामाजी उठून आत गेले आणि कोरे कागद घेऊन आले. "विधेयक आणा लागन," ते म्हणाले.

मी बाहेरचा म्हणून मला राष्ट्रपती केलं. मी शिफारशीवर मुकाट्यानं सही केली. मग मामाजी मामीजींकडे वळले. त्या लाखोरीची डाळ निवडत होत्या. "विधिमंडळाचं मत काय?"

"मले वाटणी नाही पायजे," मामीजी मान वर न करता म्हणाल्या.

मामाजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मत प्रतिकूल. आणि पुढच्या कलमाकडे वळले. मला खरोखर धक्का बसला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारातलं हे एवढंच उत्तर, आणि तेही नोंदवून बाजूला ठेवलं. रागच आला मला, पण राष्ट्रपतीला बोलता येत नाही.

पुढे सगळं भराभर झालं. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, वाटली, बोडीच्या छोट्या तळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, म्हशी वाटल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा वाटल्या. मामाजी रंगात आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं विधेयक मंजूर होत होतं. आणि मग थोरला, मुळीच वाईट मनाचा नसलेला थोरला, सहज म्हणाला, "आई आमच्याकडं राहीन, बाबा धाकट्याकडं. सगळे असंच करतेत." धाकट्यानं मान हलवली.

मामाजींची पेन्सिल थांबली. कपाटांपर्यंतची परिशिष्टं लिहिणाऱ्या या माणसानं म्हातारा-म्हातारीचं कलम कधी लिहिलंच नव्हतं. असं काही वाटलं जातं हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. ते मामीजींकडे बघत राहिले. मामीजींचा डाळीतला हात तसाच होता.

मग मामाजींनी एक कोरा कागद पुढे ओढला. "तेलंगण झालं तवा हैदराबाद दोन्ही राज्यायची राजधानी झाली," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "हे माजघर कोणाच्याच वाट्यात नाही. संयुक्त राजधानी. आमी दोघं इथंच राहू. ताट कुठूनही येऊ द्या."

"किती दिवस?" धाकट्यानं विचारलं.

"कायद्यात दहा वर्सं हाय." मग त्यांनी मामीजींना विचारलं, "पुरतीन नं?" आणि त्या काय म्हणतात ते ऐकेपर्यंत लिहिलं नाही.

"लिवा," मामीजी म्हणाल्या.

त्याला आता सात वर्षं झाली. सकाळचं ताट थोरल्याकडून येतं, संध्याकाळचं धाकट्याकडून, आणि दोघं एकमेकांच्या ताटातली भाजी बदलून खातात. मामीजींना हल्ली पायऱ्या चढवत नाहीत. विदर्भाची फाईल मामाजींनी कपाटात टाकली आहे, मी विषय काढला तरी ते बोलत नाहीत. गेल्या खेपेला गेलो, तर तेलंगणाचा कायदा पुढ्यात घेऊन, भिंग लावून, एकेका ओळीवरून बोट फिरवत बसले होते. काय शोधताय म्हणून विचारलं, तर मामीजींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "मुदत वाढवाची सोय दिसते का, ते पाहून राहिलो."