डाळीचा ग्लास आणि फूलमनीचा डबा

“मॅडम, इथं सही करा. म्हणजे फाइल क्लोज करता येईल,” एचआरचे साहेब म्हणाले.

फॉर्मवर कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं: ‘गोगलगायी खाल्ल्यामुळे चक्कर.’ त्याखाली शेरा: ‘अनफिट. कामावरून कमी करावे.’ फक्त माझ्या सहीची जागा मोकळी होती. पेशंटला मी अजून पाहिलंही नव्हतं.

मी आहारतज्ज्ञ; खाण्यातून बाधा म्हटली की सही माझी. राहते यवतला, आठवड्यातून दोन दिवस रांजणगावच्या एका कंपनीच्या दवाखान्यात बसते. कुणाची शुगर, कुणाचं वजन, कुणाचं रक्त कमी, असलं माझं काम. उत्तर दुसऱ्यानं लिहायचं आणि मी खाली अंगठा उठवायचा, हे त्यात बसत नाही.

“आधी तिला भेटते.”

“भेटून काय करणार? सगळ्या लाइनला माहितीये. डब्यात गोगलगायी आणते. बाकीच्या बायकांना मळमळतं.”

“मळमळतं त्यांना आणि चक्कर हिला आली?”

साहेब मोबाइल बघायला लागले.

फूलमनी झारखंडची, पॅकिंगला होती. आठ तास उभं काम. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली, आत पांढरीफटक. रिपोर्टात हिमोग्लोबिन सात. बाईला बारा तरी लागतं. उलटी नाही, जुलाब नाही, पोटदुखी नाही. खाण्यातून बाधा झाली असती तर यातलं काहीतरी दिसलं असतं. शिवाय रक्त एका डब्यानं एका दिवसात सातवर येत नाही, त्याला महिने लागतात. एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल.

तिनं एकच विचारलं. “मैडम, नौकरी जाएगी क्या?” दोन लेकरं गावी आईपाशी होती आणि त्यांची शाळा या नोकरीवर चालत होती.

आमच्याकडे ‘रिकॉल’ म्हणून एक साधी पद्धत असते. काल सकाळपासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं, ते एकेक घास विचारत जायचं. फूलमनीचं उत्तर सोपं होतं. चहा-बिस्किट. कॅन्टीनला भात-डाळ. रात्री पुन्हा भात आणि मिरची. परवा? तेच. त्याच्या आधी? तेच. फक्त रविवारी घोंघे, म्हणजे गोगलगायी. उरलेल्या सोमवारच्या डब्यात. गावी तळ्यातले खायची, इथं तळं कुठून आणायचं, म्हणून बांधावरचे.

खरं सांगते, मी माळकरी घरातली. ऐकून माझंही तोंड जरा वाकडं झालंच. पण माझ्या तोंडाला काय आवडतं आणि तिच्या अंगाला काय लागतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोगलगायीच्या मांसात प्रोटीन अंड्याच्या तोडीचं असतं, चरबी अगदी कमी. लोह असतं, आणि मांसातलं लोह डाळी-भाजीतल्यापेक्षा अंगाला लवकर लागतं. कॅल्शियम मात्र बहुतेक सगळं शंखात, आणि शंख कोणी चावत नाही. म्हणजे आठवड्यात तिच्या ताटात काही ताकदीचं पडत होतं ते त्या एका रविवारच्या जेवणात. आणि तेवढ्यावरच हिला कामावरून काढायला निघाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तरी एक शंका होती. शेतकरी गोगलगायी मारायला विषारी गोळ्या टाकतात. त्या खाल्लेली गोगलगाय माणसानं खाल्ली तर साहेब खरे ठरले असते. म्हणून तिच्या खोलीमालकाला फोन लावला. शेतही त्यांचंच.

“आबा, रानात गोगलगायींना औषध टाकलंय का?”

“न्हाई वो ताई. ही पोरगीच बादलीभर येचून नेती, मग औषध कशापायी? पपईची रोपं वाचली हिच्यामुळं माझी. का, काय झालं?”

“तिला काढायला निघालेत. गोगलगायी खाते म्हणून.”

“आन् त्यांच्या बापाचं काय गेलं? खाऊ द्या की.”

फूलमनीला करण्याची रीतही विचारली. दोन दिवस टोपलीखाली उपाशी ठेवते, मिठानं चोळून चिकटा काढते, मग पुरतं उकळते. हे महत्त्वाचं. कच्च्या गोगलगायीत जंत असू शकतात आणि ते मेंदूपर्यंत जातात. तिनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, आईकडून घेतलं होतं. चूक एकही नव्हती.

मग मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला गेले. कामगारांच्या लाइनीत उभी राहिले, डाळ घेतली, काचेच्या ग्लासात ओतली आणि ग्लास तसाच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“हे काय?”

“तुमची डाळ. दहा मिनिटं हलवू नका.”

आम्ही बोलत राहिलो. म्हणजे ते बोलले. हायजीन, कंपनीची इमेज, ‘हे लोक काय वाटेल ते खातात’. उचलली जीभ लावली टाळ्याला. तोवर ग्लासात डाळ खाली बसली. तळाला बोटभरसुद्धा नव्हती. वर सगळं पिवळं पाणी आणि चार जिरे.

“साहेब, ही बाई सहा दिवस हे पिते, तुमच्या कॅन्टीनमध्ये. तिचं रक्त इथं आटलंय.”

“आमच्याकडे तर डाळ घट्ट असते.”

“तुमचं पातेलं वेगळं आहे.”

साहेबांनी ग्लास बाजूला सरकवला. कॅन्टीनचा ठेकेदार त्यांच्याच गावचा. दिसायला गरीब, येता-जाता वाकून नमस्कार. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण कोणासाठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

“मॅडम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यूला येतंय ना?” साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मी पेन काढलं, टाइप केलेल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि हातानं लिहिलं: ‘लोहाची कमतरता. कारण: कॅन्टीनमधील अपुरा आहार. उपचार: गोळ्या, महिनाभर बसून काम. कामावर ठेवण्यास हरकत नाही.’ खाली सही केली आणि फोटो काढून कंपनीच्या डॉक्टरांनाही पाठवला. हातात पुरावा नसला की माणसं विसरतात, हा माझा अनुभव आहे.

फूलमनी राहिली. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. दवाखान्याच्या दारातून डोकावून म्हणाली, “मैडम, अब दाल में दाल है.”

बाईची कोणी माफी मागितली नाही. उलट कॅन्टीनमध्ये पाटी लागली: ‘बाहेरील मांसाहार आणू नये.’ त्यामुळे फूलमनी सोमवारचा डबा गेटबाहेर, कंपनीच्या बसच्या सावलीत बसून खाते. कंप्युटरवरच्या फाइलमध्ये ‘गोगलगाय’ हा शब्दही तसाच आहे. काढा म्हटलं, तर सिस्टिममध्ये एडिट होत नाही म्हणे. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये सहाच महिन्यांचं रिन्यू झालं.

आता मी कुठल्याही कंपनीत गेले की आधी कॅन्टीनच्या डाळीचा ग्लास मागवते. माणसाचा डबा नंतर उघडते.