रिकामा ट्रे

मालकांचा जुना पांढरा सदरा वहिनींनी माझ्या अंगावर फेकला. "घाल लुगड्यावर. आता तू बोटीवरचा वेटर."

सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर उद्धट ठरले असते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सोनईच्या अलीकडचं आमचं गाव. मालकांचा ऊस, बंगला, दारात गाडी. मी तिथं शेण काढायची, अंगण झाडायची, मागच्या मोरीवर भांडी घासायची. नवरा त्यांच्याच उसाला पाणी धरायचा. दोघांची भाकरी त्या एका दारावर. आम्ही बौद्ध. मी घासलेल्या भांड्यांवर वहिनी, म्हणजे मालकीणबाई, पाणी मारत, मगच आत नेत. माझा कप गोठ्याच्या कोनाड्यात.

त्या वर्षी मालकांच्या घरचे सगळे सिंगापूरला निघाले होते. तिथून मोठ्या बोटीत बसायचं, समुद्रात फिरायचं, एखाद्या बेटावर उतरायचं आणि परत. वहिनींकडे बोटीचं रंगीत पुस्तक होतं. येईल त्याला दाखवत. मला लांबून दाखवलं. बोट कसली, मजल्यावर मजले चढवलेलं गावच. गच्चीवर पोहायचा तलाव, आत सिनेमा, दुकानं, नाचगाणं, दिवसभर मांडलेली जेवणाची टेबलं. खोटं कशाला बोलू, मला ती बोट आवडली. एवढं लोखंड बुडत कसं नाही, याचाच विचार शेण काढताना करायची.

वहिनींना टेबलाची धास्ती. काटा-चमचा जमेना. म्हणून दुपारी हॉलमध्ये सराव, आणि सरावाला वेटर मी.

अशी मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेले. वाकायचं, "येस म्याडम" म्हणायचं, रिकामा ट्रे पुढं धरायचा. वहिनी त्यातून काहीतरी उचलल्यासारखं करत. खरं जेवण त्यांच्या सासूबाई आतून आणून वाढत.

एकदा वहिनींची नणंद आली होती. म्हणाली, "अगं वहिनी, ट्रे रिकामाच व्हय?"

"मग काय तिच्या हातचं खाऊ, ताई?"

मी तिथंच उभी. विचारलं, "वहिनी, बोटीवर वाढणारे कोन असत्यात?"

"काय म्हाईत. चिनी, मद्रासी, असतील कोण कोण."

"त्यांच्या हातचं चालंल?"

"तिथं आपल्याला कोण वळखतं? हितं गाव हाय."

मिठाचा भाव सांगावा तसं म्हणाल्या. राग नाही, काही नाही. मला आजवर वाटायचं, हे लोक निदान बाटण्यावर विश्वास तरी ठेवतात. तोही नव्हता. नुसतं गाव बघंल याचं भ्या. त्यासाठी माझा जन्म गोठ्यात गेला.

मी सरळ सैपाकघरात गेले. भात घेतला, आमटी घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि वहिनींच्या ताटात वाढली.

"येस म्याडम. खा."

कुणी हात लावला नाही. सासूबाई ओरडल्या, "सैपाकघर बाटवलं गं माझं!" मालक धावत आले. "उद्यापासून दिसू नको हितं."

"उद्या कशाला? आत्ताच निघाले."

सदरा तिथंच काढून टाकला. नवऱ्यालाही दुसऱ्या दिवशी काढलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आम्ही परगावी कांदे काढले, रस्त्याची खडी फोडली. पोरं कधी अर्धपोटी झोपली. हेही सांगते, कारण हे फुकट होत नाही.

बोटीवरून आल्यावर वहिनींनी सांगावा धाडला, "झालं गेलं. ये कामाला. शेण साचलंय."

मी उलटा निरोप दिला. "शेणाला येनार न्हाई. सैपाकाला येते. पंगत बसवा, गावादेखत वाढते, गावादेखत खा."

ती पंगत अजून बसायची आहे. मी आता म्हातारी झाले. अट तीच आहे. माझी सून त्या दारात झाडू घेऊन गेली नाही, नात जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर जाऊ देणार नाही.