सातव्या जागेवरचा r

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मला पहिल्यापासून कीव येते. या फोरमवर दर आठवड्याला कुणाला तरी पांढरी साडी दिसते... डोळे तपासून घ्या, एवढंच म्हणेन. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

सत्त्याण्णवच्या सुमारास मी पेणहून रोह्याला एका केमिकल कंपनीत जायचो. तिथलं युनिक्सचं मशीन, म्हणजे कंपनीचा मुख्य संगणक, माझ्या एकट्याच्या ताब्यात. रिअ‍ॅक्टरचं तापमान दर मिनिटाला एका फाइलीत उतरायचं. लॅबमधल्या सुलभाताईंना ती फाइल त्यांच्या टर्मिनलवर हवी होती.

"साहेब, बदलायचं काय नाय मला. नुसतं बघू तर द्या."

मी कागदावर त्या फाइलीची परवानगी लिहिली: rw-r-----. "r म्हणजे वाचणं, w म्हणजे लिहिणं. पहिल्या तीन जागा मालकाच्या, म्हणजे माझ्या. पुढच्या तीन माझ्या ग्रुपच्या. शेवटच्या तीन इतरांच्या. तुम्ही इतर. तिथे रेघा आहेत. रेघ म्हणजे नाही. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं," त्या म्हणाल्या. तरी रोज एकदा फाइल उघडून बघायच्याच. रोज नकार! असल्या चिकाटीला मी मठ्ठपणा म्हणायचो.

एका दुपारी मी दाढ काढायला पेणला गेलो. मशीनची खोली बंद, किल्ली माझ्या खिशात, पासवर्ड फक्त मला ठाऊक. आणि त्याच दुपारी सुलभाताईंच्या टर्मिनलवर ती फाइल उघडली. तापमान भराभर चढत होतं. त्या धावत कंट्रोल रूममध्ये गेल्या, तर तिथला तापमानाचा काटा अडकलेला आणि ऑपरेटर निवांत.

"वाफ बंद करा आधी!" त्या ओरडल्या.

रिअ‍ॅक्टरवर तेव्हा दोन माणसं काम करत होती. दोघंही संध्याकाळी धडधाकट घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं — rw-r--r--. सातव्या जागी r. मी निघताना तिथे रेघ होती; सुलभाताईंना फाइल उघडली दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा मी डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. मशीनला मोडेम नव्हता, म्हणजे बाहेरून फोनवरून शिरायचीही सोय नाही. लॉगमध्ये कुणाचीच नोंद नाही. कॅन्टीनमध्ये लगेच 'देवानं वाचवलं' सुरू झालं. देवाला युनिक्स येतं म्हणे!

मॅनेजरनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही लॅबला परवानगी दिलीत म्हणून वाचलो."

मी "हो" म्हणालो.

सुलभाताई शेजारीच उभ्या होत्या. "बरं झालं साहेब, तुम्हाला सुचलं."

तो r कुणी लिहिला, मला आजही माहीत नाही. कंपनी सोडेपर्यंत मी तो पुसला नाही... आणि तो माझा नव्हता, हे सुलभाताईंना सांगितलंही नाही.