दाराशेजारचा बाक

घर विकण्याआधी जरा नटवावं म्हणून मी सुताराकडून हॉलला फॉल्स सीलिंग करून घेतलं आणि त्यात निळे दिवे बसवले. त्याच सुताराकडून बायकोने दाराशेजारी एक बुटका बाक करून घेतला.

"चपला घालायला," ती म्हणाली.

"याने काय भाव वाढणार?" मी तिला वेड्यात काढलं.

काल एक जोडपं घर बघायला आलं. सोबत नवऱ्याची आई होती. मी घाईघाईने दिवे लावले, पण कोणी मान वर करेल तर शपथ! आजी मात्र कुणी न सांगताच बाकावर टेकल्या. सावकाश सँडलचा पट्टा सोडवत मुलाला म्हणाल्या, "या घरात कुणीतरी गुडघ्यांचा विचार केलाय रे."

माणसं घर डोळ्यांनी बघतात, असा माझा समज होता. खरं तर घर पसंत करतात गुडघे. छताचं कौतुक करायलासुद्धा आधी कुठेतरी बसावं लागतं.

मुलाने आमचा भाव जवळजवळ मान्यच केला. मी फुशारून म्हणालो, "आम्ही फार विचार करून केलाय तो बाक."

पाहुणे गेल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "आम्ही?"

मी उठून निळे दिवे बंद केले.